बॉस 302 की बॉस 429: एकाच नावाच्या दोन मस्टँग

तुमचा प्रश्न असा आहे: 1969 ची फोर्ड मस्टँग घ्यायची, तीही 'बॉस'. दोन गाड्या पाहण्यात आल्या आहेत, एक बॉस 302 आणि दुसरी बॉस 429 (आकडे म्हणजे इंजिनाचा आकार, घनइंचांत). दुसरीची मागितलेली किंमत पहिलीच्या जवळजवळ तिप्पट आहे. पैशांची सोय होईल, पण मोठं इंजिन म्हणजे चांगली गाडी हे गणित खरं आहे का, आणि उन्हाळ्यात दर शनिवार-रविवारी बाहेर काढायला यातली कोणती बरी?

उत्तर आधीच देतो. चालवायला घ्यायची असेल तर 302 घ्या. 429 घ्यायची असेल तर ती इंजिनासाठी घ्या आणि त्या इंजिनावर काम करायची तयारी ठेवून घ्या. मी मिशिगनमध्ये जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिनं बांधतो. या दोन्ही बॉस माझ्याकडे कामाला येतात आणि दोन्हींवर माझा जीव आहे. पण एकाच गाडीच्या धाकटी आणि थोरली अशा दोन आवृत्त्या आहेत, असं समजून निवड करणारे पुढे पस्तावतात. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या शर्यतींच्या दोन वेगळ्या नियमांपोटी जन्मलेल्या गाड्या आहेत. तेवढं ध्यानात घेतलं की बॉनेटखालचा जवळजवळ प्रत्येक फरक त्यावरून कळतो.

आधी 302 कडे येतो. 1966 पासून अमेरिकेत ट्रान्स-ॲम नावाची मालिका सुरू झाली. डावी-उजवी वळणं, चढउतार, जोरात ब्रेक मारायच्या जागा, अशा ट्रॅकवर रस्त्यावरच्याच गाड्यांच्या शर्यती. इंजिनाची मर्यादा 5 लिटर, म्हणजे 305 घनइंच. पहिली दोन वर्षं कंपन्यांचं अजिंक्यपद फोर्डने नेलं. 1968 मध्ये मात्र शेवरलेच्या कॅमेरो झेड/28 ने धुव्वा उडवला. रॉजर पेन्स्की यांच्या संघाकडून मार्क डोनह्यू यांनी 13 पैकी 10 शर्यती जिंकल्या. फोर्डने त्या वर्षी 'टनेल पोर्ट' हेडचं (हेड म्हणजे सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) 302 इंजिन उतरवलं होतं, आणि ती इंजिनं शर्यतीमागून शर्यत फुटत गेली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत बंकी नुडसेन जनरल मोटर्स सोडून फोर्डचे अध्यक्ष झाले होते, आणि त्यांच्या पाठोपाठ डिझायनर लॅरी शिनोडाही आले. झेड/28 ला तोडीस तोड गाडी हवी, ही मागणी तिथून वरूनच आली.

ट्रान्स-ॲमच्या नियमात मेख अशी होती की शर्यतीत उतरवायची ती गाडी हजारभर तरी बनवून सामान्य गिऱ्हाइकाला विकलेली असली पाहिजे. फोर्डने 1969 साली 1,628 बॉस 302 बनवल्या आणि पुढच्या वर्षी सात हजारांवर. म्हणजे शोरूममध्ये जी गाडी उभी होती तिच्यातच शर्यतीच्या गाडीचा पाया घातलेला होता. ब्लॉक तोच, हेडं त्याच घडणीची, बॉडी तीच. 1969 चं अजिंक्यपदही कॅमेरोकडेच गेलं, पण 1970 मध्ये बड मूर यांच्या संघाच्या पिवळ्या बॉस 302 नी, म्हणजे पार्नेली जोन्स यांच्या 15 नंबरच्या आणि जॉर्ज फॉलमर यांच्या 16 नंबरच्या गाडीने, 11 पैकी 6 शर्यती मारल्या आणि मान परत फोर्डकडे आला.

429 ची गोष्ट उलटी आहे. नॅस्कार या अमेरिकी शर्यत मालिकेच्या लंबगोल ट्रॅकवर 1964 पासून क्रायस्लरच्या 426 हेमी इंजिनाने फोर्डला सळो की पळो करून सोडलं होतं. तिथे मर्यादा 7 लिटरची. त्या मर्यादेत बसणारं, अर्धगोल ज्वलनकक्षाचं स्वतःचं इंजिन फोर्डला हवं होतं. इंजिन मंजूर होण्यासाठी ते किमान 500 विक्रीच्या गाड्यांत बसवलेलं हवं, आणि शर्यतीची बॉडीही 500 च्या संख्येने विकलेली हवी. पण दोन्ही एकाच गाडीत हवीत असं बंधन नव्हतं. फोर्डने याचा पुरेपूर फायदा घेतला. शर्यतीसाठी लांब नाकाची टोरिनो टॅलाडेगा बनवून तिच्यात साधं 428 घालून विकली आणि नवं 429 बसवून विकलं मस्टँगमध्ये. मार्च 1969 मध्ये अटलांटाला हे इंजिन पहिल्यांदा शर्यतीत उतरलं आणि केल यारबरो यांनी ते बसवलेल्या मर्क्युरीतून (फोर्डचाच दुसरा ब्रँड) ती शर्यत जिंकली. त्या वर्षीचं अजिंक्यपद डेव्हिड पिअर्सन यांनी फोर्डमधूनच नेलं. पराक्रम इंजिनाचाच होता, पण तो गाजला टोरिनो आणि मर्क्युरीत बसून. बॉस 429 मस्टँग त्या ट्रॅकवर कधी धावायचीच नव्हती. तिचं काम एवढंच की हे इंजिन पोटात घेऊन शोरूममधून बाहेर पडायचं.

आता बॉनेट उघडून पाहू.

302 चा ब्लॉक फोर्डच्या छोट्या व्ही-8 घराण्यातला, पण अंग मजबूत केलेलं. मधल्या मेन बेअरिंगच्या कॅप चार बोल्टांच्या, क्रँक घडीव पोलादाचा. त्यावर हेडं बसवली ती पुढच्या वर्षी येणार असलेल्या 351 क्लीव्हलँड इंजिनाच्या धर्तीची. हेडबोल्टची मांडणी दोन्हीकडे सारखी निघाली, पाण्याच्या वाटा तेवढ्या जुळवून घ्याव्या लागल्या. या हेडांत व्हॉल्व्ह सरळ रांगेत न बसवता तिरके बसवलेत, त्यामुळे खूप मोठे व्हॉल्व्ह मावतात. 1969 च्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह 2.23 इंचांचा आहे, आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) आहे फक्त 4 इंच. हेड काढून बाकावर उलटं ठेवलं की पाहणारा थबकतो. ज्वलनकक्षाच्या छतावर व्हॉल्व्हखेरीज काही शिल्लकच दिसत नाही. स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) अवघा 3 इंच. टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारे दट्टे) सॉलिड, गरम इंजिनावर 25 थाऊची (इंचाचे हजारावे भाग) फट ठेवायची. आणि वर 780 सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा) हॉली कार्ब्युरेटर. या सगळ्याचा अर्थ एकच: हे इंजिन वरच्या फेऱ्यांसाठी, म्हणजे जास्त आरपीएमसाठी बनवलंय. कागदावर 290 हॉर्सपॉवर 5,800 आरपीएमला आणि 290 पाउंड-फूट टॉर्क 4,300 ला.

429 च्या कागदावर 375 हॉर्सपॉवर 5,200 ला आणि 450 पाउंड-फूट 3,400 ला. ॲल्युमिनियमची प्रचंड हेडं, जवळजवळ अर्धगोल कक्ष, 2.28 इंचांचा इनटेक व्हॉल्व्ह, मुठीएवढे पोर्ट (हेडातल्या हवेच्या वाटा). पण वर कार्ब्युरेटर पाहा: 735 सीएफएम. सात लिटरच्या इंजिनाला पाच लिटरच्या इंजिनापेक्षा लहान कार्ब्युरेटर! त्यात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) सौम्य, एक्झॉस्टच्या बिडाच्या मॅनिफोल्डला मोकळा श्वास नाही, आणि प्रदूषण कमी करायचा हवेचा पंप. पोर्ट इतके मोठे की खालच्या फेऱ्यांत हवा संथ वाहते, आणि वरच्या फेऱ्यांपर्यंत पोचायला कॅम आणि कार्ब्युरेटर साथ देत नाहीत. शर्यतीचा बैल नांगराला जुंपावा तशी या इंजिनाची गत झाली. कंपनीचं त्यात फारसं बिघडत नव्हतं. नियम पुरा करायला इंजिन गाडीत असणं पुरेसं होतं, ते किती पळतंय हे नॅस्कारचा अधिकारी बघणार नव्हता.

त्या काळच्या चाचण्यांत पाव मैलाला 429 ला साधारण 14 सेकंद लागले आणि 302 ला साडेचौदाच्या आसपास. दोन लिटर जास्त, 85 हॉर्सपॉवर जास्त, आणि फरक अर्ध्या सेकंदाचा. नवी असताना 302 सुमारे 3,600 डॉलरला मिळायची आणि 429 सुमारे 4,800 ला. जास्तीचे हजार-बाराशे मोजलेल्या अनेक गिऱ्हाइकांचा तेव्हा हिरमोड झाला, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. मात्र या इंजिनाचा दोष त्याच्या घडणीत नाही, हे मी ठासून सांगेन. योग्य कॅम, मोठा कार्ब्युरेटर, एक्झॉस्टचे मोकळे हेडर पाइप आणि प्रज्वलनाचं नीट जुळवलेलं टायमिंग एवढं दिलं की हेच इंजिन पाचशे हॉर्सपॉवरच्या पुढे सहज जातं, आणि मग त्याचा आवाज आणि ओढ दोन्ही अशी असते की दुसऱ्या कुठल्या फोर्डने मला तो आनंद दिलेला नाही. काढलेले मूळ भाग जपून ठेवा एवढंच. मूळ कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डशिवाय गाडी विकायला गेलात तर किमतीत मोठा खड्डा पडतो.

हे इंजिन मस्टँगमध्ये बसवलं कसं, हा तर स्वतंत्र विषय आहे. ते तिच्यात मावतच नव्हतं. पुढच्या दोन शॉक टॉवरांच्या (पुढचे शॉक ज्यांना वर टेकतात ते पत्र्याचे खांब) मधली जागा अपुरी. म्हणून डिअरबॉर्नच्या कारखान्यातून 428 साठी तयार केलेल्या बॉडी निघायच्या आणि मिशिगनमध्येच ब्रायटनला कार क्राफ्ट नावाच्या कार्यशाळेत जायच्या. तिथे शॉक टॉवर बदलून बाहेरच्या बाजूला सरकवले जायचे, वरच्या कंट्रोल आर्मच्या जागा बदलल्या जायच्या, बॅटरी उचलून डिक्कीत ठेवली जायची, तेल थंड करायला ऑइल कूलर बसायचा, आणि मागे स्वे बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) यायचा, जो त्या वर्षीच्या 302 ला नव्हता. 1969 च्या 859 आणि 1970 च्या 499 गाड्या तिथे अशा जवळजवळ हाताने बनल्या. एवढं करूनही इंजिन असं ठासून बसलंय की ब्रेक बूस्टरच्या बाजूचं व्हॉल्व्ह कव्हर काढायला हात आणि सबुरी दोन्ही लागतात. स्पार्क प्लग मात्र कव्हरच्या मधूनच आत जातात, त्यामुळे ते बदलणं इतर बिग ब्लॉक (मोठ्या व्ही-8) इंजिनांपेक्षा सोपं.

302 चा साज वेगळ्याच विचाराने केलेला. तिचं सस्पेन्शन मॅट डॉनर या फोर्डच्या इंजिनिअरने जुळवलं. 15 इंची, 7 इंच रुंद चाकं, त्यावर एफ60-15 चे रुंद टायर, कडक स्प्रिंग, मागच्या ॲक्सलला एक शॉक पुढे आणि एक मागे असे विषम लावलेले, म्हणजे जोरात सुटताना ॲक्सल थरथरत नाही. या टायरांची पकड इतकी जबर होती की चाचणीच्या गाड्यांचे शॉक टॉवर तडकले. मग कंपनीने टॉवरांना जादा पत्रे जोडून ते मजबूत केले. आता दोन्ही गाड्यांतला फरक बघा: 302 चे टॉवर बळकट केले ते गाडी वळणात जोरात जाते म्हणून, आणि 429 चे टॉवर सरकवले ते इंजिन मावत नव्हतं म्हणून.

चालवताना हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत कळतं. 302 मध्ये 3,000 च्या खाली फारसं काही घडत नाही, गावातल्या सिग्नलांवर ती थोडी कुरकुरते. 4,000 ओलांडले की मात्र तिचा सूरच बदलतो, आणि 6,000 पर्यंत ती बिनतक्रार चढत राहते. कंपनीने 6,150 च्या आसपास प्रज्वलन तोडणारा रेव्ह लिमिटर बसवला होता. तो अनेकांनी त्या काळातच काढून टाकला; तुमच्या गाडीत असेल तर राहू द्या. वळणात नाक तुम्ही सांगाल तिकडे जातं, ॲक्सिलरेटर थोडा सोडला की मागची बाजू हलकेच वळते, आणि तुमचा पाय आणि स्टिअरिंग यांच्यात संवाद सुरू होतो. पन्नास वर्षांपूर्वीची, मागे पाट्यांची स्प्रिंग असलेली गाडी इतकी प्रामाणिक असू शकते यावर नव्याने बसणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

429 सरळ रस्त्यावर रुबाबदार आहे. तळातून मिळणारी ओढ भारदस्त, गाडी 302 पेक्षा शांत, आतली सजावटही उंची. पण पुढे वजन जास्त आणि ते वळणात जाणवतं. शिवाय तिला मागच्या ॲक्सलच्या गिअरचं 3.91 चं प्रमाण, आणि चौथा गिअर सरळ एकास एक, ओव्हरड्राइव्ह नाही. ताशी 70 मैलांना इंजिन साडेतीन हजारांवर फिरत राहतं. तासाभराच्या हायवेनंतर बोलायला ओरडावं लागतं. 302 ला 3.50 चं प्रमाण मूळचं होतं, 3.91 आणि 4.30 मागवता यायचं. तुम्ही पाहिलेल्या गाडीला कुठलं आहे ते विचारा, रविवारच्या फेरफटक्याला 3.50 सर्वांत बरं. एसी आणि ऑटोमॅटिक गिअर दोन्हींपैकी कुणालाच नाही, आणि दोन्हींच्या मागच्या सीटवर मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत. मुलं लहान असतील तर ठीक.

खरीखोटी ओळखणं हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण साध्या मस्टँगचं रूपांतर 'बॉस'मध्ये करणारे पुष्कळ. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, पाहा. 1969 च्या दोन्ही गाड्यांचा क्रमांक 9F02 ने सुरू होतो: 9 म्हणजे 1969, F म्हणजे डिअरबॉर्न, 02 म्हणजे उतरत्या छपराची बॉडी. त्यापुढचं अक्षर इंजिनाचं. 302 ला G, 429 ला Z. हे अक्षर दुसरं काही असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही, मग गाडी कितीही देखणी असो. फोर्डच्या जुन्या उत्पादन-नोंदींवरून तयार होणारा मार्टी रिपोर्ट विक्रेत्याकडे असेल तर उत्तम, नसेल तर स्वतः मागवा. किमतीच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे. 429 च्या ड्रायव्हरच्या दारावर कार क्राफ्टचा KK ने सुरू होणारा क्रमांक असतो, 1969 साठी 1201 ते 2059. पण चिकटपट्टी नवी छापता येते, त्यामुळे फक्त तिच्यावर भिस्त ठेवू नका. शॉक टॉवरची वेल्डिंग टॉर्च मारून नीट बघा. ब्रायटनचं काम आणि गॅरेजमधलं काम यात फरक दिसतो, आणि ज्याने दोन-तीन खऱ्या गाड्या पाहिल्यात असा माणूस सोबत असेल तर त्याला तो लगेच दिसतो.

बाहेरून ओळखण्याची एक खूण सांगतो. 1969 च्या साध्या स्पोर्ट्सरूफ (उतरत्या छपराच्या) मस्टँगला दारामागे, मागच्या मडगार्डच्या वरच्या बाजूला, हवा घेण्याचा आव आणणारा एक खोटा स्कूप असतो. शिनोडांनी तो 302 वरून काढून टाकला. तिथे पत्रा गुळगुळीत आहे. 429 वर मात्र तो तसाच राहिला. त्यामुळे '302' च्या त्या जागी आतून भरलेला, लांबी (पुट्टी) लावून घासलेला पत्रा लागला तर गाडीचा जन्म दुसरीकडे झालाय. चुंबक फिरवून बघा, लांबी असेल तिथे ते चिकटणार नाही. 302 वर इंग्रजी सी आकाराचा काळा पट्टा, 429 वर पुढच्या मडगार्डवर फक्त नावाचा छोटा स्टिकर आणि बॉनेटवर भला थोरला स्कूप. रंगही बघा: 1969 ची 302 पांढऱ्या, पिवळ्या, कॅलिप्सो कोरल आणि अकापुल्को ब्लू या चारच रंगांत आली.

इंजिनाच्या ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो, तो गाडीशी जुळला पाहिजे. पण इथे एक सावधगिरी. 302 च्या पहिल्या इंजिनांत पिस्टनचे स्कर्ट तडकायचे, आणि वॉरंटीत अनेकांना नवे ब्लॉक मिळाले. त्या ब्लॉकवर क्रमांक नाही म्हणून गाडी खोटी ठरत नाही. फक्त किंमत थोडी कमी करून मागा आणि जुनी कागदपत्रं आहेत का ते विचारा. पिस्टनची ही दुखणी आजही खरी आहेत. मूळ पिस्टन अजून आत असतील आणि विक्रेता ते अभिमानाने सांगत असेल, तर तुम्ही मनात पिस्टन बदलण्याचा खर्च धरा. चांगल्या घडीव पिस्टनांवर हे इंजिन वर्षानुवर्षं निर्धास्त चालतं.

429 चं दुखणं वेगळं आणि महाग. तिला नेहमीचं हेड गॅस्केट नाहीच. प्रत्येक सिलिंडरभोवती धातूची कडी आणि पाण्याच्या, तेलाच्या प्रत्येक भोकाला स्वतंत्र ओ-रिंग. शर्यतीच्या दाबाला ही पद्धत उत्तम. पण गाडी वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवली की रबराच्या रिंगा कडक होतात, ॲल्युमिनियमला पाण्याच्या वाटांभोवती गंज धरतो, आणि मग पाणी तेलात उतरतं. या गाड्यांचं नशीब असं की महाग असल्यामुळे त्या चालवल्याच जात नाहीत, आणि न चालवल्यामुळे बिघडतात. रिंगा बदलताना हेड आणि ब्लॉक दोन्ही सपाट आहेत याची खात्री करावी लागते, आणि गंजाने खाल्लेलं मूळ हेड वेल्डिंगने भरून पुन्हा मशीन करणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. 302 चे बहुतेक सगळे सुटे भाग आज नवे मिळतात. 429 च्या भागांसाठी माणसं शोधावी लागतात.

दोन्हींना लागू अशा दोन-तीन गोष्टी पटकन सांगतो. कॉम्प्रेशन साडेदहास एक आहे, त्यामुळे 93 ऑक्टेनच भरा आणि टायमिंग आजच्या पेट्रोलला साजेसं ठेवा. कॅमवर सपाट टॅपेट घासतात, आजच्या साध्या तेलात जस्त कमी असतं, म्हणून जुन्या इंजिनांसाठीचं जस्तयुक्त तेल घ्या. यात काटकसर केलेली गाडी कॅमच्या रूपाने वसुली करते. 302 ची हेडं बिडाची आहेत, शिसंविरहित पेट्रोलसाठी तिला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट (व्हॉल्व्ह टेकण्याच्या कड्या) बसवल्यात का ते विचारा. 429 ला तो प्रश्न नाही, ॲल्युमिनियमच्या हेडात सीट वेगळी बसवावीच लागते.

1970 ची एखादी हाती लागली तर सोडू नका. 302 ला त्या वर्षी मागचा स्वे बार आला आणि इनटेक व्हॉल्व्ह किंचित लहान म्हणजे 2.19 इंचांचा झाला. खालच्या फेऱ्यांत त्याचा फायदाच आहे. हर्स्टचा गिअर शिफ्टरही चांगला. दिसायला मला चार दिव्यांचा 1969 चा चेहराच जास्त आवडतो, पण चालवायला 1970 किंचित सरस. शिवाय संख्या जास्त असल्यामुळे किमतीत घासाघीस करता येते. 429 ही त्या वर्षी सॉलिड टॅपेटवर आली, पण नुडसेन यांना सप्टेंबर 1969 मध्येच काढून टाकलं होतं, फोर्डचा शर्यतींतला रस आटत चालला होता, आणि 499 गाड्यांनंतर तिचं उत्पादन थांबलं.

तेव्हा तुमच्यासाठी: 302 पाहायला आधी जा. 429 विषयी मन फारच ओढ घेत असेल, तर विक्रेत्याला तीन गोष्टी आधी विचारा. हेडं शेवटची कधी उतरवली होती आणि ते काम कुणी केलं, मूळ कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गाडीसोबत मिळणार का, आणि गेल्या वर्षभरात ती किती मैल चालली. तिसऱ्याचं उत्तर 'जवळजवळ नाहीच' असं आलं, तर ओ-रिंगचं काम किमतीतून वजा करून बोला. आणि दोन्हीपैकी कुठलीही बघायला जाताना, गाडी आधी गरम करून ठेवू नका असं फोनवर बजावून सांगा. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ दे. सुरू व्हायच्या आधी तेलाचं झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवा. साय लागली तर पाणी तेलात मिसळतंय. पंधरा मिनिटं चालवून आल्यावर पुन्हा बघा, आणि रेडिएटरची पातळी गाडी थंड झाल्यावरच तपासा.